बेकतुरसाठी कोशोक

तीन दिवस मी जाळीकडे तोंड करून बसले होते.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की अंगणात गोल तंबू उभा राहतो. लाकडाची जाळी आणि तिच्यावर लोकरीचे जाड बुरणूस. आत एका बाजूला पडद्यामागे प्रेत, दुसऱ्या बाजूला घरच्या बायका, दाराकडे पाठ करून. प्रेत आत असेपर्यंत तंबूत चूल पेटवायची नाही, मग बाहेर कितीही बर्फ असो. पुरुष बाहेर काठ्यांवर वाकून उभे राहतात आणि कुणी भेटायला आलं की मोठ्याने रडतात. आत बायका कोशोक म्हणतात. गेलेल्याला हाका मारत, त्याचे गुण गात, सात-सात ठोक्यांच्या चालीत हेल काढून रडायचं, त्याला कोशोक म्हणतात. ज्याच्यासाठी घरच्या बाईने कोशोक म्हटला नाही, तो मुका गेला असं लोक आयुष्यभर बोलतात.

पडद्यामागे माझा बेकतुर होता. तेवीस वर्षांचा, एकुलता एक. खाणीवरून कोळसा आणताना खिंडीत त्याचा ट्रक घसरला. आणि मी, त्याची आई, तीन दिवसांत एक ओळ म्हटली नव्हती.

येत नव्हती म्हणून नव्हे. उभ्या नारीन जिल्ह्यात अनारकानसारखा कोशोक कुणी म्हणत नाही, असं लोक म्हणायचे, आणि लोक खरं म्हणायचे. दूरदूरच्या गावांहून मला न्यायला घोडा यायचा. मेलेला माणूस मी जन्मात पाहिलेला नसायचा. तंबूत शिरण्याआधी दोन प्रश्न विचारायचे, त्याचा घोडा कुठल्या रंगाचा होता आणि तो कुणाशी भांडायचा. तेवढ्यावर मी तासभर अख्खं गाव रडवायचे. मेंढ्या चोरणाऱ्यांनासुद्धा मी वाघ करून पाठवलंय.

मग पाच वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. तोक्तोसून त्याचं नाव. त्याच्यासाठी मी असा कोशोक म्हटला की म्हातारे लोक अजून आठवण काढतात. पण चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे गेले, आणि माझ्यात काही उरलंच नाही. गाऊन गाऊन मी सगळी सांडले होते. एकदा दोनदा नदीच्या पुलावर जाऊन उभी राहिले, खाली पाहत. पुढे नारीनच्या इस्पितळात एका परिचारिकेशी गाठ पडली. ती येशूला मानणारी. तिने मला काही शिकवलं नाही की समजावलं नाही. ती रोज माझ्या खाटेशी बसायची, माझा हात धरून हळू आवाजात प्रार्थना करायची आणि मग कामाला जायची. अकराव्या दिवशी मला भूक लागली. त्याहून मोठा चमत्कार मला कुणी दाखवू नये.

तिच्याबरोबर मी तिच्या मंडळींत गेले. भाड्याच्या घरात दहा-बारा माणसं जमायची. पाळक एरमेक, पंचविशीचा, गालावर धड दाढी नाही. तो म्हणाला, ‘‘एजे, आपल्याला आशा आहे. ज्यांना आशा नाही ते गळा काढून रडतात. आपण तसं रडायचं नसतं.’’ एजे म्हणजे ताई. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मी सगळ्यांदेखत शपथ घेतली, ह्यापुढे माझ्या तोंडून कोशोक निघणार नाही. एरमेकच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, देवाला देण्यासारखी आपल्याजवळ एकच वस्तू होती, ती आपण दिली.

दोन वर्षांनी माझ्या थोरल्या जावेची मुलगी गेली. जीपार, अठरा वर्षांची. मूत्रपिंडं गेली होती. जाऊबाई माझ्या दारात आल्या, डोक्यावरचा रुमाल हातात घेऊन. आमच्यात बाई असं कुणापुढे करत नाही. म्हणाल्या, ‘‘मला शब्द सुचत नाहीत गं. तू म्हण. एकच कडवं म्हण.’’

मी त्यांना आशेबद्दल सांगितलं. देवाशप्पथ, त्या पोरीचं अंग अजून गार झालं नव्हतं आणि मी तिच्या आईला आशेबद्दल सांगितलं. मग तंबूत तोंड मिटून बसले, शहाण्यासारखी.

आता त्याच जाऊबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लावून. रीतच आहे, थोरल्या जावेने धाकटीजवळ बसायचं. उठून जायची सोय त्यांना नव्हती आणि मला तर नव्हतीच.

‘‘तोंडात बोरसोक कोंबलंयस का?’’ त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. बोरसोक म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे, पाहुण्यांसाठी ढिगाने तळतात.

मी जाळीचे चौकोन मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘‘माझी मुकी गेली, तुझाही मुका जाईल. फिट्टंफाट. मला बरं वाटायला हवं, नाही का? मग का नाही वाटत मला बरं? सांग ना, तुझं ते पुस्तक काय म्हणतं यावर?’’

‘‘मला माहीत नाही, जाऊबाई.’’

‘‘तुला माहीत नाही! तेव्हा तर सगळं माहीत होतं.’’

मी जाळीकडे बघत राहिले. तिचे चौकोन मी इतक्यांदा मोजले होते की डोळे मिटले तरी दिसायचे. गुडघे गोठले होते. पाठीमागे दाराचा पडदा उचलला की थंडी आत शिरायची आणि भेटायला आलेली नवी बाई माझ्या गळ्यात पडून रडायची, थांबायची, माझं पुढे काय येतं म्हणून वाट बघायची. काही आलं नाही की ती हळूच दुसरीकडे सरकायची. त्यांची कुजबूज मला ऐकू यायची. बाईचं काळीज दगडाचं झालं, त्या नव्या धर्माने केलं. दगड असता तर बरं झालं असतं. माझ्या घशात कोशोक इतका दाटला होता की थुंकी गिळता येत नव्हती.

प्रार्थना केली नाही असं नाही. पण तीही करता येईना. ‘हे बापा’ म्हटलं की पुढचे शब्द आपोआप सातच्या चालीत पडायचे आणि ती प्रार्थना कोशोक होऊ लागायची. मी जीभ चावायचे. एका बाजूला शपथ, दुसऱ्या बाजूला पोर, आणि मध्ये मी, तोंड बंद करून. एका दुपारी मी देवाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, गुराखी देतात तसल्या. त्या मात्र सातच्या चालीत नव्हत्या. तेवढ्यापुरता श्वास मोकळा झाला.

गावचे मोल्दो, म्हणजे नमाज पढवणारे कादिर आजोबा, दाराशी आले. बेकतुरचं सगळं त्यांच्याच हातून व्हायचं होतं, कारण बेकतुर माझ्या मार्गाने आला नव्हता, तो गावाचाच होता. मी पाठमोरीच त्यांच्याशी बोलले.

‘‘अनारकान,’’ ते म्हणाले, ‘‘हेल काढून रडणं आमच्या शास्त्रातही बसत नाही. वीस वर्षं घसा कोरडा करून सांगतोय. एक बाई ऐकेल तर शपथ. पहिल्यांदा कुणी ऐकलं ते तू, आणि तेही दुसऱ्याचं.’’

‘‘मग तुम्ही खूश व्हा, आजोबा.’’

‘‘खूश कसला होतोय. तुझ्याकडे बघवत नाही गं. रड बाई, मी कानांत बोटं घालतो.’’

माझ्याच्याने तेही झालं नाही. देवाला दिलेला शब्द मोल्दोच्या सांगण्यावरून मोडायचा? आणि शब्द मोडला तर त्या पुलावरून मला परत कोण आणणार होतं? मला खरी भीती ही होती. जी दोरी धरून मी वर आले, ती पोरासाठी सोडायची, की दोरी धरून पोराला मुकं जाऊ द्यायचं.

जमीन गोठलेली होती. कबरीसाठी दोन दिवस टायर जाळून माती मऊ करावी लागली. त्याचा धूर आमच्या तंबूपर्यंत यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी माझे थोरले दीर दाराशी येऊन म्हणाले, ‘‘खड्डा झाला. दुपारी उचलायचं. ऊन लवकर जातं.’’ मग जाळीशी बोलावं तसं, ‘‘तोपर्यंत काही असेल तर.’’

एवढं बोलून ते गेले. ते बिचारे कधी मला थेट काही बोलले नाहीत, तीस वर्षांत.

नारीनहून आमच्या मंडळींतलं कुणी येईल ही आशा मी सोडून दिली होती. रस्ता बंद होता. म्हणून फाटकाशी पुरुषाचा रडण्याचा आवाज आला तेव्हा मी लक्ष दिलं नाही. आमच्यात भेटायला येणारा पुरुष लांबूनच गळा काढत येतो, ‘‘अरे माझ्या भावा रे, आता तुला कुठे शोधू रे’’ असं ओरडत. पण हा आवाज भलताच बारीक होता. मध्येच फाटत होता.

‘‘हा कोण बोकड ओरडतोय?’’ जाऊबाई म्हणाल्या.

मी ओळखला. एरमेक होता. ज्याने मला रडू नको म्हणून शिकवलं, तो माझ्या फाटकापासून तंबूपर्यंत, गावच्या सगळ्या पुरुषांसमोर, बेंबीच्या देठापासून रडत येत होता.  मग आमच्या पुरुषांनीही त्याच्याबरोबर रडायला सुरुवात केली, कारण पाहुणा रडत असला की घरच्याने गप्प राहायचं नसतं, पाहुणा कुठल्याही देवाचा असो.

आत यायची त्याची हिंमत झाली नाही. मी जिथे बसले होते तिथेच बाहेरून तो बुरणुसाला टेकून खाली बसला. बुरणूस माझ्या नाकाशी आत दबला.

‘‘एजे, मी एरमेक. शेवटचे बारा किलोमीटर चालत आलोय.’’

‘‘कशाला आलास?’’

‘‘मी तुम्हाला चुकीचं शिकवलं.’’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ‘‘आता सांगतोस?’’

‘‘आधीच सांगायला हवं होतं. गेल्या वर्षी आम्हाला मुलगी झाली होती ना? चार दिवसांची होऊन गेली. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी सभेत उभा राहिलो आणि हसत स्तुतिगीत म्हटलं. बायको वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस म्हणाली, तू तिला पुरलंस तेव्हा तुझे डोळे कोरडे होते, मी तुझ्या देवाला काय करू? मी घरी बसून सगळं पुन्हा वाचलं.’’

‘‘मग?’’

‘‘येशू मित्राच्या थडग्यापाशी गेला तेव्हा त्याला माहीत होतं एजे, की आपण आता ह्याला उठवणार. थोडाच वेळ होता. तरी आधी तो रडला. सगळ्यांसमोर. मी ते शंभर वेळा वाचलं असेल, पण माझं लक्ष कायम पुढच्या चमत्काराकडे. रडण्याच्या जागी मी कधी थांबलोच नाही.’’

 माझ्या उजव्या बाजूला जाऊबाईंचा श्वास ऐकू येत होता.

‘‘आणि माझी शपथ?’’ मी म्हणाले.

‘‘ती तुमच्याकडून कुणी मागितली नव्हती. देवानेही नाही. तुम्ही दिलीत आणि मी खूश झालो, कारण एवढी मोठी कोशोकवाली माझ्या शब्दाने गप्प झाली. पाप असलंच तर ते माझं. मी ते देवाशी बघून घेईन.’’

‘‘दोन वर्षं उशीर केलास रे, मेल्या,’’ जाऊबाई बुरणुसाकडे बघत म्हणाल्या. आवाजात राग होता, पण पहिल्यासारखा नव्हता.

बाहेर तो पुन्हा रडत होता, आता हळू, लहान मुलासारखा. आणि मला ते रडणं ऐकताना कळलं की तो येशूचं खरं सांगतोय. कारण माझ्या पोरासाठी तीन दिवसांत खूप लोक रडले होते, पण ह्या माणसाच्या रडण्याने पहिल्यांदा माझा घसा ढिला झाला. देव असाच बाहेर बर्फात बसलेला असेल, तर माझ्या शपथेचं त्याला काय करायचंय? त्याला वर बसून हिशेब ठेवणारा समजून मी त्याच्याशी वागत होते.

मी वळले. जाळीकडचं तोंड फिरवायचं नसतं, तरी फिरवलं आणि जाऊबाईंचे हात धरले.

‘‘आधी जीपार,’’ मी म्हणाले.

‘‘वेडी आहेस का? आज तुझ्या पोराचा दिवस आहे. दुपार होत आली.’’

‘‘त्याला आता कसली घाई.’’

आणि मी सुरू केलं. आवाज कुरकुरला, पाच वर्षांचा गंज होता त्याच्यावर.

‘दुधावरची साय गं,
अठराव्यात गेलीस,
काकूचं तोंड शिवलेलं,
मुकीच तू गेलीस.
दारात तुझी आई गं,
रुमाल हाती घेऊन,
मीच दार लावलं गं,
शहाणपण शिकवून.’

जाऊबाई आधी ताठ बसल्या. मग त्यांच्या पोटातून जो आवाज निघाला, तो दोन वर्षं तिथे कोंडलेला होता. तंबूतल्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या. बाहेर काठ्या जमिनीवर आपटल्या. एका पोरीसाठी, जी जाऊन दोन वर्षं झाली, अख्खं अंगण रडलं. जाऊबाईंनी माझ्या पाठीत एक जोराचा गुद्दा घातला आणि लगेच मला कवटाळलं. दोन्ही मला मिळायला हवं होतं.

मग मी बेकतुरला हाक मारली.

त्याचं मी काय काय म्हटलं ते सगळं मला आठवत नाही. वाघ मी त्याला केला नाही. तो आळशी होता ते म्हटलं. मोजे कुठेही टाकायचा ते म्हटलं. बाप गेल्यावर अठराव्या वर्षी शाळा सोडून ट्रकवर गेला आणि एकदाही मला त्याबद्दल ऐकवलं नाही, ते म्हटलं. दर रविवारी मला नारीनला सभेला न्यायचा आणि स्वतः बाहेर ट्रकमध्ये बसून सूर्यफुलाच्या बिया खायचा. आत ये म्हटलं की म्हणायचा, ‘‘आई, तू तुझ्या देवाला माझा सलाम सांग. आणि सांग, डिझेल महाग झालंय.’’ तेही म्हटलं. बायका रडता रडता हसल्या.

जाऊबाई माझ्या प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ उचलून धरत होत्या. मी थकले की त्या, त्या थकल्या की मी.

दाराशी कादिर आजोबा खोकले. ऊन डोंगराच्या कडेला आलं होतं. तिरडी बाहेर तयार होती. मी ऐकलं आणि आणखी एक कडवं सुरू केलं. मग आणखी एक. आजोबा पुन्हा खोकले.

‘‘अनार,’’ जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या, ‘‘आता संपव गं.’’

मला संपवता येत नव्हतं. मी आवाज बंद केला की ते त्याला उचलणार होते, हे एक. पण तेवढंच नव्हतं. कोशोकच्या शेवटच्या कडव्यात गेलेल्याला जागा नेमून द्यायची असते. जा बाळा, स्वर्गाच्या दारी घोडा बांध, असं काहीतरी. परक्यांना मी अशी शंभर दारं वाटली होती, क्षणभर विचार न करता. माझ्या स्वतःच्या पोराला कुठलं दार देऊ? तो बाहेर ट्रकमध्ये बसायचा. मंडळींत कुणी मला सांगितलं नव्हतं की बाहेर बसणाऱ्यांचं काय होतं, आणि विचारायची माझी कधी छाती झाली नाही. तीन दिवस मी ह्याच प्रश्नाभोवती फिरत होते. शपथ, आशा, सगळं खरं तर ह्यासाठी होतं. मला आशा होती, पण तिच्यात त्याचं नाव होतं का, ते मला माहीत नव्हतं. ते अजूनही मला माहीत नाही.

बुरणुसाच्या पलीकडे एरमेक होता. त्याला विचारता आलं असतं. पण त्याच्याजवळ तरी चार दिवसांच्या पोरीपलीकडे काय होतं? मी त्याला विचारलं नाही. चाल तीच ठेवली, पण बेकतुरशी बोलायचं थांबले.

‘थडग्याशी तू रडलास,
म्हणतात ते खरं ना?
मग हात पुढे कर,
माझ्या दारी ये ना.
दार कुठलं द्यावं रे,
आईला ह्या ठाऊक नाही.
ज्याने दार केलं ते,
त्यालाच पोर देते मी.
आळशी आहे, सांभाळ,
मोजे टाकील कुठेही.
बाहेर बसला असेल,
तूच बाहेर येशील?’

शेवटची ओळ चालीत नीट बसली नव्हती. जाऊबाईंनी ती उचलली नाही. कुणीच उचलली नाही. मी वाट बघत राहिले, माझं मलाच कळेना कशाची. उत्तर काही आलं नाही. पण छातीवर तीन दिवस जे कुणीतरी बसलं होतं, ते उठून बाजूला झालं. मी खोल श्वास घेतला. टायरचा धूर, बर्फ, बायकांच्या ओल्या लोकरीचा वास, सगळं आत आलं.

पुरुष पडद्याशी येऊन उभे होते. कुणी आईची परवानगी विचारत नाही, तशी रीत नाही. तरी माझे दीर थांबले होते.

‘‘न्या,’’ मी म्हणाले.